मिरेल, लेव्हल १०: पहिली हाक वाया गेली

मिरेल, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात मी खेळवतो ती क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारी पुजारीण), अखेर लेव्हल १० ला पोहोचली. आठ महिने ज्या क्षणाची वाट पाहिली, तो मी एका वाक्यात घालवला.

पूल कोसळला होता. सोबतचा रेंजर दरीपलीकडे शून्य हिट पॉइंटवर, मरणाच्या दारात; जगण्या-मरण्याचे दोन रोल (डेथ सेव्ह) हुकलेले. मिरेलचे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायचा साठा) संपलेले आणि तिथवर पोहोचायचा मार्ग नाही. मी डिव्हाइन इंटरव्हेन्शन मागितलं, म्हणजे थेट देवाला हाक मारली, आणि पर्सेंटाइल (१ ते १०० आकडा देणारे) फासे टाकले. ७३. हवे होते १० किंवा त्याहून कमी. आणि मी बोलून गेलो, "दहा टक्केच होते, अपेक्षितच होतं."

टेबलावरचा ताण तिथेच विरला. पुढच्या टर्नला रेंजरच्या डेथ सेव्हला वीस बाजूंच्या फाशावर चक्क २० पडला, तो एका हिट पॉइंटवर उठून बसला, आणि मी म्हणालो, "नशीब!" मिरेल असती तर तिथेच गुडघे टेकून रडली असती. हे घरी आल्यावर सुचलं. रात्रभर झोप नाही.

पुरुष असून बाई खेळवणं जड जाईल असं पहिल्या नोंदीत लिहिलं होतं; ते तिसऱ्या सेशनपासून जाणवलंही नाही. जड जाते ती श्रद्धा. माझा देवावर विश्वास नाही, मिरेलचा श्वासही त्यावर चालतो. सुरुवातीला तिच्या तोंडी प्रवचनं घातली, ती कानाला खोटी वाटली. मग घोगरा गंभीर आवाज लावून पाहिला, तो त्याहून वाईट. जमलं ते एवढंच: प्रत्येक लाँग रेस्टनंतर (खेळातल्या लांब विश्रांतीनंतर) ती दिव्याची काच पुसते, काही न बोलता. मागच्या महिन्यात मी विसरलो तेव्हा रोग (Rogue, चोरट्या पात्राचा प्रकार) खेळणाऱ्यानेच विचारलं, "आज दिवा नाही?" त्या प्रश्नाचा आनंद अजून पुरतोय.

आमच्यातला एक जण मनापासून श्रद्धाळू आहे. त्याला विचारलं, उत्तर आलं नाही तर तुला काय वाटतं? तो म्हणाला, "मी मागायला जात नाही रे, भेटायला जातो." मी मात्र मिरेलला कायम मागायलाच पाठवत होतो. आणि मागणाऱ्याला आकडा दिसतो. रोज एक हाक मारली तर सात दिवसांत निदान एकदा यश मिळण्याची शक्यता ५२ टक्के, हा हिशोब माझ्या डोक्यात तयार असतो. तिला टक्के माहीतच नाहीत. तिच्यापुढे फक्त शांतता असते.

डीएमने (आमचा खेळ चालवणाऱ्याने) २०२४ च्या नियमांवर जाऊ असं सुचवलं. त्यात रोलच नाही: पाचव्या लेव्हलपर्यंतचा क्लेरिक स्पेल स्लॉट न खर्चता मिळतो आणि लाँग रेस्टनंतर पुन्हा. खेळायला सोयीचं आहे, पण मिरेलसाठी मला ते नको. हाकेला ओ हमखास येणार असेल तर विश्वास ठेवायला उरतं काय? आम्ही २०१४ च्या नियमांवरच राहतोय.

खरं तर ही नोंद मी तिची श्रद्धा उडते आणि ती पुढची लेव्हल फायटरची (साध्या लढवय्याची) घेते, असं जाहीर करायला उघडली होती. पण तो २० पुन्हा पुन्हा आठवतोय. मी फासे टाकूच नयेत. पडद्याआड डीएमने टाकावेत आणि आकडा मला सांगू नये. यश आलंच तर लखलखाट नको. सुटलेली गाठ, थांबलेला पाऊस, दुसऱ्याच्या फाशावरचा २० अशा रूपात ते यावं. यशानंतर सात दिवस हाक मारता येत नाही, तो हिशोबही त्यानेच ठेवावा. मिरेल रोज हाक मारेल, पोहोचली की नाही हे तिलाही कळणार नाही आणि मलाही.

डीएमला आत्ताच मेसेज टाकलाय. फायटरचं शीट फाडून टाकलं.