दऱ्यांचा दर्या

स्वतःच्या नोंदी शोधायचं एक छोटं टूल मी वर्षभर एकटीच वापरत होते. पायथनमध्ये लिहिलेलं, जेमतेम तीनशे ओळींचं. दिवसभर दुसऱ्यांच्या एपीआयशी झटापट झाली की रात्री तासभर त्यात खुडबुड करायची. मग एका मैत्रिणीने ते वापरायला घेतलं आणि आठवड्याच्या आत तिचा मेसेज: "अगं, 'वाऱ्यावर' शोधलं तर काहीच येत नाही. नोंद तर समोर दिसतेय."

"माझ्याकडे येतंय की," असं मी लिहून मोकळी झाले. हे वाक्य ऐकून मी स्वतः किती जणांवर चिडले असेन!

तिने फाइल पाठवली. त्यातला शब्द कॉपी करून शोधला तर सापडत होता, तोच शब्द मी टाइप केला की शून्य. आधी वाटलं, कुठेतरी जास्तीची स्पेस असेल. मग इंडेक्सवर, म्हणजे शोधासाठी बनवलेल्या शब्दसूचीवर, संशय. तो दोनदा पुसून नव्याने बांधला. संध्याकाळ गेली. शेवटी वैतागून दोन्ही शब्दांची लांबी, म्हणजे त्यातली चिन्हं, मोजली. एकाची ८, दुसऱ्याची ९.

वाऱ्यावर
वार्‍यावर

बघा, फरक दिसतो का. पहिल्यात 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह. यूनिकोड या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात त्याचा क्रमांक यू+२००डी. रुंदी शून्य, पण यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) चांगले ३ बाइट खातो. म्हणून एक शब्द २४ बाइटचा, दुसरा २७ चा. जॉइनरवाली पद्धत चूकही नाही. यूनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगत राहावं म्हणून ती अजून चालू ठेवलेली आहे. आमच्या दोघींचे कीबोर्ड पहिलं देतात, तिच्या फाइलमध्ये मात्र दुसरं होतं.

एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करायची यूनिकोडची रीत, लावलं की झालं, असं वाटलं होतं. 'र' आणि नुक्ता (खालचा टिंब) असे सुटे आले तर ते त्यांचा 'ऱ' करून देतं, तेवढं खरं. जॉइनरला मात्र हातही लावत नाही. त्याचाच जास्त कडक प्रकार एनएफकेसी लावून पाहिला, तेच.

मग मी तो शहाणपणा केला. रात्री साडेअकराला एका ओळीत सगळे जॉइनर उडवून टाकले आणि 'ऱ'चा साधा 'र' केला, मजकुरातही आणि शोधशब्दातही. तिचा 'वाऱ्यावर' तिला सापडला, मी खूश होऊन झोपले. सकाळी मेसेज: "दऱ्या शोधल्या तर समुद्राच्या नोंदी येतायत!"

येणारच. जॉइनर गेला आणि 'ऱ'चा 'र' झाला की मागे उरतो 'र', हलन्त आणि 'य', आणि त्याचा होतो रफार. दऱ्यांचा दर्या. (इमोजींचे हाल वेगळेच. कुटुंबाची जी इमोजी असते ना, तीही याच जॉइनरने बांधलेली. तिच्यातली माणसं सुटी सुटी होऊन ओळीत उभी राहिली होती.)

तेव्हा जॉइनर उडवायचा नाही, 'ऱ'ही बदलायचा नाही. 'र', हलन्त, जॉइनर आणि पुढे 'य' अशी साखळी दिसली तर 'य' तसाच ठेवून आधीच्या तिघांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवायचा, एवढंच. एनएफसी त्याच्यानंतर. मूळ फाइलला हात नाही, बदल फक्त इंडेक्समध्ये आणि शोधशब्दात. एका ओळीचा रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायचा नमुना), पण त्याच्यासाठी टेस्ट लिहिताना पंचाईत झाली: अपेक्षित आणि मिळालेला शब्द स्क्रीनवर अगदी सारखेच, आणि खाली लाल अक्षरांत फेल. आता त्या टेस्टमध्ये शब्द लिहीतच नाही, कोडपॉइंट, म्हणजे अक्षरांचे यूनिकोड क्रमांक, लिहिते. वाचायला भयंकर दिसतं, पण निदान डोळे फसत नाहीत.

नवीन आवृत्ती पाठवून दोन दिवस शांततेत गेले. काल पुन्हा मेसेज: "कुऱ्हाड सापडत नाहीये."

'य' घेतला, 'ह' राहिला होता.