आवक शिक्का

शनिवारी आमच्या कॉलेजच्या कायदा मदत केंद्रात दांडिया बाजारातल्या एक काकू आल्या. वडोदऱ्यातच जन्म गेलेला, तरी दुखणं मराठीतच सांगायचं होतं. त्या दिवशी मराठी येणारी मी एकटीच, म्हणून सरांनी मला त्यांच्यासमोर बसवलं.

पावसाळ्यात रस्त्याकडेच्या झाडाची फांदी काकांवर पडली होती. खांदा मोडला, दुकान दोन महिने बंद. "भरपाई मिळेल का गं?"

आदल्याच आठवड्यात वर्गात राजकोटचा खटला झाला होता. 1975 मध्ये पायी निघालेल्या एका माणसावर रस्त्यावरचं झाड पडलं आणि तो गेला. हायकोर्टापर्यंत त्याच्या बायकोच्या बाजूनं निकाल लागला, पण 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महापालिकेला जबाबदार धरलं नाही. तो निकाल मला तेव्हाच बोचला होता. दिल्लीच्या चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं मेली, त्या खटल्यात याच न्यायालयानं 1966 मध्ये पालिकेला दोषी धरलं होतं. इमारत 80 वर्षांची आणि तिच्या चुन्याचं आयुष्य जेमतेम 40-45 वर्षांचं, मग तपासणी व्हायलाच हवी होती. झाड मात्र कधी पडेल हे कुणी सांगावं? फरक समजतो, पण त्या बाईचं दुःख त्यानं कमी होत नाही.

काकूंना नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून उगाच म्हटलं, "कागद काय आहेत ते बघू."

पिशवीतून दवाखान्याची बिलं निघाली, एक्स-रे निघाला आणि तळाशी महापालिकेला गुजरातीत लिहिलेला एक अर्ज. खोड पोकळ झालंय, फांदी दुकानाकडे झुकलीय, कापून घ्या. खाली काकांची सही, त्यावर अर्ज पोचल्याचा आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख. अपघाताच्या तीन महिने आधीची!

मी धावतच सरांकडे गेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "राजकोटला असा कागद नव्हता," ते म्हणाले. "इथे धोका त्यांना लेखी कळवलेला आहे. कळल्यावर काय केलं, ते आता त्यांनी सांगायचं."

जिंकूच असं नाही, हेही मी काकूंना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्यांनी तर फांदीवर खडूनं खूणसुद्धा करून ठेवली होती गं."

नोटिशीच्या पहिल्याच परिच्छेदात मी त्या अर्जाचा क्रमांक घातला.