चौथ्या पोझिशनची नळी

फायबर अॅनालिसिसच्या मशीनच्या पीएमला, म्हणजे ठरावीक काळाने करायच्या देखभालीला, गेलं की बऱ्याच लॅबमध्ये आधी हेच ऐकायला मिळतं, "मशीन एकदम ओके आहे हो, चेकलिस्ट भरून सही करून द्या, सॅम्पल थांबलेत." त्या दिवशीही तसंच झालं. पशुखाद्य तपासणारी लॅब, एका वेळी सहा सॅम्पल उकळून गाळणारं सहा पोझिशनचं हॉट एक्स्ट्रॅक्शन युनिट, आणि इनचार्ज मॅडमनी कंट्रोल सॅम्पलचा, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो त्या सॅम्पलचा, चार्ट समोर ठेवला, सगळे पॉइंट मर्यादेत, शंका घ्यायला जागाच नाही.

नेहमीचं सगळं करून घेतलं. कंडेन्सरचं पाणी नीट फिरतंय, हीटर वेळेत उकळी आणतोय, क्रुसिबलखालचे (क्रुसिबल म्हणजे तळाला काचेची जाळी असलेलं गाळायचं भांडं) रबर सील ठीक. सगळं पास. पण माझी एक पद्धत आहे, वेळ लागला तरी सोडत नाही, एकच दळलेलं सॅम्पल सहाही पोझिशनला लावायचं, प्रत्येकी १ ग्रॅम, आणि एनडीएफचा, म्हणजे न्यूट्रल डिटर्जंटमध्ये न विरघळणाऱ्या फायबरचा, पूर्ण रन घ्यायचा. न्यूट्रल डिटर्जंट, स्टार्च तोडणारं अमायलेज, तासभर उकळी, मग व्हॅक्यूमने गाळून गरम पाण्याने धुवायचं.

गाळताना पाच क्रुसिबल भराभर रिकामे झाले आणि चौथा तसाच, वर फेस, खाली थेंब थेंब. ऑपरेटर म्हणाला, "सर, तो जामच असतो, क्रुसिबल जुना झालाय." असेलही, काचेची जाळी बारीक कणांनी बुजते, मग ती ५००-५२५ डिग्रीला भट्टीत जाळून साफ करावी लागते. म्हणून रन संपल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनचे क्रुसिबल अदलाबदल केले आणि नुसतं गरम पाणी ओढून पाहिलं. अडलं ते चौथ्यालाच. म्हणजे क्रुसिबल बिचारा चांगला होता, दोष मशीनमध्ये.

मागचं कव्हर काढलं. चौथ्याखालची व्हॅक्यूमची नळी बघितली तर छान, ना चीर ना गळती, आधीच्या चेकलिस्टवर "नळ्या तपासल्या" असा टिकमार्कही होता आणि तो खोटा नव्हता, कारण बंद मशीनवर ती नळी चांगलीच दिसते. व्हॅक्यूम चालू केला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती नळी मधोमध चपटी झाली, बंद केला की परत गोल. कापून पाहिली तर आतली भिंत फुगून चिकट झालेली. याच युनिटवर रोज क्रूड फायबरही करतात, १.२५ टक्के सल्फ्युरिक अॅसिड आणि त्यानंतर १.२५ टक्के कॉस्टिक, दोन्ही उकळतं, आणि सगळं त्याच नळीतून खाली जातं, रबर किती सोसणार?

क्रुसिबल अॅसिटोनने धुऊन १०५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये सुकवले, संध्याकाळी वजनं घेतली. पाच पोझिशनला एनडीएफ ३४ टक्क्यांच्या आसपास, चौथ्याला ३७ च्या वर. ओढ नीट नाही म्हटल्यावर धुणं अर्धवट होणार, विरघळलेला स्टार्च आणि डिटर्जंट क्रुसिबलमध्येच राहणार, आणि आपण ते फायबर म्हणून मोजणार.

मग चार्टवर का दिसलं नाही? कंट्रोल सॅम्पल कायम पहिल्या पोझिशनलाच लागत होतं! मला याचंच खरंच वाईट वाटतं, कारण मशीन सांगत होतं, ऑपरेटरला माहीतही होतं की चौथा जाम असतो, पण ते कागदावर यायची सोयच नव्हती. आणि हा आकडा नुसता रिपोर्टवर राहत नाही हो, एनडीएफ जास्त दिसलं की आहार ठरवणारा वैरण कमी करून धान्य वाढवतो, गाईच्या पोटात खरं फायबर कमी पडतं आणि रुमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात, आम्लता वाढते, आजारी ती पडते.

सहाही नळ्या बदलल्या, एकच बदलून उपयोग नसतो, बाकीच्या त्याच वयाच्या. दुसऱ्या रनला चौथा बाकीच्यांच्या बरोबरीने आला. आता तिथे कंट्रोल दर रनला पुढच्या पोझिशनला सरकतं, क्रूड फायबर झालं की नळ्यांमधून गरम पाणी काढतात, आणि चेकलिस्टवर मी "नळ्या व्हॅक्यूम चालू असताना पाहिल्या" असं लिहून दिलंय.

मॅडमनी मात्र मला न विचारताच वर्कशीट काढली होती. पोझिशन नंबर लिहिलेला असायचा, त्यामुळे चौथ्यावरून गेलेले सॅम्पल शोधता आले. ठेवणीतले डबे बाहेर काढून त्यांनी ते सगळे परत लावायला घेतले, आणि ज्यांचे आकडे बदलले त्यांना सुधारित रिपोर्ट पाठवले.