हात काढला की बंद

लॅपटॉप आपोआप बंद पडतो, ही तक्रार आमच्याकडे रोजची. त्यातले बहुतेक गरम होऊन बंद पडतात आणि त्यांची वेळही ठरलेली असते. मोठी फाइल उघडली, व्हिडिओ कॉल लागला, पंखा घोंघावायला लागला की गेला. जाळीतली धूळ काढायची, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायची, गिऱ्हाईक खूश. हर्णै बंदराजवळच्या एका मच्छीमार सोसायटीचा लॅपटॉप आला त्याचं नेमकं उलटं होतं. काम चालू असेपर्यंत ठणठणीत. दिवसभर एंट्र्या करा, प्रिंट काढा, काही नाही. चहाला उठलं, फोनवर बोलत बाहेर गेलं, की थोड्या वेळात गप्प. स्लीप नाही, शटडाउनचा मेसेज नाही, एकदम अंधार. मग बटण चार-चारदा दाबल्याशिवाय चालूही व्हायचा नाही.

तो घेऊन खुद्द चेअरमन दापोलीला आले. बरोबर सोसायटीत ऑपरेटर म्हणून काम करणारी मुलगी होती. चेअरमन तिच्यासमोरच म्हणाले, "ती बसली की चालू, ती उठली की बंद. आता तूच सांग, आम्ही काय समजायचं?" मुलगी काही बोलली नाही. पुढे कळलं की डिझेल परताव्याचे प्रस्ताव उशिरा गेले म्हणून तिच्या पगारातून पैसेही कापले होते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो, तो सोसायटीमार्फत. प्रत्येक नौकेचे लिटर, तारखा, पावत्या जुळवून भरायच्या. पान सेव्ह व्हायच्या आत मशीन गेलं की पुन्हा पहिल्यापासून. ही मुलगी तेच करत होती आणि वर तीच कामचुकार ठरत होती.

माझ्याआधी या लॅपटॉपला बरेच हात लागले होते. एकाने बॅटरी बदलली होती, एकाने पेस्ट. विंडोज तर पुन्हा पुन्हा टाकलेलं. आमच्या धंद्यात फॉरमॅट हे पहिलं औषध झालंय आणि त्याची मला चीड आहे. फॉरमॅट मारला की मशीनने स्वतः लिहून ठेवलेल्या सगळ्या नोंदी जातात. आजार तिथेच राहतो, कागद तेवढे जळतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने उघडून बघितलं, आत कुठेतरी हिरवट डाग दिसला, आणि 'द्रव सांडल्याने बिघाड, वॉरंटी लागू नाही' असं लिहून परत पाठवलं. त्यावर कोण काय सांडलं याची सोसायटीत चौकशी झाली. तीही त्या मुलीचीच.

सुदैवाने शेवटच्या फॉरमॅटनंतर तो बऱ्याचदा बंद पडला होता, त्यामुळे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, नोंदी होत्या. अशा वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद मिळतेच. तिचा अर्थ इतकाच, की मशीन नीट शटडाउन न होता गेलं. बहुतेक जण ही ओळ बघतात, 'पॉवरचा प्रॉब्लेम' म्हणतात आणि खिडकी बंद करतात. खरी माहिती 'डिटेल्स'च्या टॅबमध्ये असते. तिथे बगचेक कोड शून्य होता, म्हणजे निळा स्क्रीन येऊन पडलेला नाही. त्याच्या खाली 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' नावाचा एक रकाना असतो. तो एरवी शून्य असतो. इथे त्यात अठरा आकडी संख्या होती.

ही संख्या म्हणजे १ जानेवारी १६०१ पासून मोजलेला वेळ, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. विंडोजच्याच एका कमांडने ती आपल्या तारखेत बदलता येते. रकान्यात आकडा असणं याचा अर्थ, बंद पडण्याआधी पॉवरचं बटण दाबलं गेल्याचं मशीनला कळलं होतं. मी मागच्या नोंदी उघडत गेलो. जवळजवळ प्रत्येकीत आकडा होता.

क्षणभर मलाही वाटलं, चेअरमन म्हणतात तेच खरं की काय. मग मी तारखा-वेळा कागदावर उतरवल्या आणि मुलीला म्हटलं, हजेरीचं रजिस्टर असेल तर त्याचे फोटो पाठव. तिने त्याच संध्याकाळी पाठवले. एका नोंदीच्या वेळी ती बँकेच्या कामाला दापोलीत होती. दुसरी तर रविवारची, ऑफिसला कुलूप असतानाची.

म्हणजे बटण दाबलं जात होतं, पण बोट कुणाचंच नव्हतं.

लॅपटॉपचं पॉवर बटण वीज तोडत नाही, ते फक्त निरोप देतं. बटणाच्या लाइनवर कायम सुमारे ३.३ व्होल्ट असतात, एका पुल-अप रेझिस्टरमधून, म्हणजे लाइनला वर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरमधून, आलेले. बटण दाबलं की लाइन ग्राउंडला जाते, व्होल्टेज पडतं, आणि एम्बेडेड कंट्रोलरला, म्हणजे बटण आणि वीज सांभाळणाऱ्या चिपला, जिला आम्ही ईसी म्हणतो, कळतं की बटण दाबलं. व्होल्टेज काही सेकंद तसंच खाली राहिलं तर ईसी समजतो की माणसाने बटण धरून ठेवलंय, आणि विंडोजला न विचारता वीज काढून घेतो. बोटाने पडलं काय, विजेच्या गळतीने पडलं काय, ईसीला फरक कळत नाही.

मग सेटिंग बघितली. 'पॉवर बटण दाबल्यावर' याच्यासमोर 'काही करू नको' निवडलेलं. आधीच्या कुणा कारागिराने केलेलं. मुलगी म्हणाली, "हो दादा, पूर्वी तो झोपायचा. ते केल्यापासून डायरेक्ट बंद व्हायला लागला." म्हणजे पूर्वी निदान काम मेमरीत शिल्लक राहायचं. लक्षण दाबलं आणि दुखणं वाढवलं. झाकणाचा सेन्सर, त्याच्याजवळ येणारं मोबाइल कव्हरचं लोहचुंबक, हेही तपासून घेतलं. त्याने झोप लागते, असा अंधार होत नाही.

अडचण अशी की माझ्याकडे तो बंदच पडेना. आतल्या खोलीत, एसीत, रात्रभर नुसता चालू ठेवला. दोष विंडोजचा नाही ना हे बघायला पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी सिस्टिम लावून ठेवला. सकाळी आपला चालूच. बटणाची लाइन मोजली तर ३.२९ व्होल्ट, सुईच्या टोकाइतकीही हालचाल नाही. मायक्रोस्कोपखाली बटणाची छोटी पट्टी घेतली. या मॉडेलमध्ये बटण मुख्य बोर्डावर नसतं, वरच्या उजव्या कोपऱ्यात वेगळ्या पट्टीवर असतं आणि रिबन केबलने जोडलेलं असतं. त्या केबलच्या सॉकेटमध्ये दोन पिनांच्या मध्ये हिरवट-पांढरा थर होता, मोहरीच्या दाण्याएवढाही नाही. सर्व्हिस सेंटरला दिसलेला डाग बहुधा हाच.

तिथल्या तिथे साफ करून देता आलं असतं. पण दोष डोळ्यांसमोर घडताना बघितल्याशिवाय मी हात लावत नाही. साफ केल्यावर बरा झाला तर कशाने बरा झाला हे कळत नाही, आणि इथे तर एका मुलीच्या नावाचा प्रश्न होता. बटणाच्या लाइनला एक केसासारखी जंपर वायर जोडली, ती मागच्या फटीतून बाहेर काढली, लॅपटॉपचं झाकण पुन्हा लावलं आणि मल्टिमीटर घेऊन हर्णैला गेलो.

ऑफिसची खोली बघितल्यावर अर्धं उत्तर मिळालं. टेबल खिडकीला लागून, खिडकी थेट समुद्राकडे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात काचा गेल्या, तेव्हापासून तिथे नुसती जाळी. खाली लिलावाची गडबड, बर्फाचे ट्रक, ओले क्रेट. दुपारनंतर खारा वारा सुटला की टेबलावरच्या कागदांना दमटपणा चढतो. लॅपटॉपचा बटणाचा कोपरा नेमका त्या वाऱ्याच्या तोंडावर.

मुलीला म्हटलं, तू नेहमीसारखं काम कर. मीटरवर ३.२९. तास गेला, हलेना. मग तिला उठायला सांगितलं. स्क्रीन काळी झाली, थोड्या वेळाने पंखा थांबला. आणि आकडा उतरायला लागला. ३.२०. ३.०४. काही वेळ तिथेच अडकला, मग २.६, २.१. चेअरमन खुर्ची ओढून मीटरसमोर बसले. वारा वाढला तसा आकडा भराभर घसरला, एकच्या खाली गेला, आणि आम्ही दोघं बघत असताना लॅपटॉप बंद झाला. त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

तरी मला खात्री करायची होती. मागचं झाकण काढलं, बोर्डाला ऊब येईपर्यंत मशीन चालवलं, आकडा परत ३.२९ वर आला. मग वाकून त्या पट्टीवर तोंडाची वाफ सोडली, आपण चष्म्यावर सोडतो तशी. आकडा एका दमात खाली आला आणि काही सेकंदांत मशीन गेलं. चेअरमन म्हणाले, "परत कर." परत केलं. परत गेलं. मग त्यांनी मुलीला बोलावलं आणि तिला दाखवायला लावलं.

कारण मीठ. हवेतून आलेलं मीठ पिनांमध्ये साठतं. कोरडं असेपर्यंत त्यातून वीज जात नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते त्याच्याही कितीतरी आधी ओलं होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते हेच, हे सांगितल्यावर चेअरमनना पुढचं काही सांगावं लागलं नाही. काम चालू असताना आतली ऊब तो कोपरा कोरडा ठेवत होती. काम थांबलं, पंखा थांबला, कोपरा निवला की मीठ ओलं, की गळती सुरू. माझ्या एसीच्या खोलीत हवाच कोरडी, तर तिथे दिसणार काय? दारातच बसलेला रखवालदार तेव्हा म्हणाला, की लॅपटॉप मध्येच रात्री आपोआप चालू झालेला त्याने बघितलाय, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. तोही बरोबर होता. बंद मशीनला तीच गळती 'चालू हो' असा निरोप देत होती.

साफ करण्याबद्दल थोडं लिहितो, कारण इथे बहुतेक जण चुकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल मारलं की झालं असं समजतात. त्याने तेलकटपणा, सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स निघतो. मीठ त्यात जवळजवळ विरघळतच नाही. मीठ पाण्यातच जातं. बॅटरी सोडवून, पट्टी बाहेर काढून, आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, दोन-तीनदा पाणी बदलून. मग अल्कोहोल, ते राहिलेलं पाणी ओढून नेण्यासाठी. मग मंद गरम हवेवर पूर्ण सुकेपर्यंत. नळाचं पाणी नाही, त्यात त्याचे स्वतःचे क्षार असतात. सॉकेट खाल्लं गेलं होतं, ते बदललं, बटणाखालचा छोटा टॅक्ट स्विचही नवा घातला. पट्टीवर अॅक्रिलिकचं कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओलावा रोखणारा पातळ थर, दिलं, सॉकेटची तोंडं आणि स्विच झाकून, नाहीतर तेच संपर्क तोडतं. मुख्य बोर्डावर समुद्राच्या बाजूच्या कडेलाही एक हात दिला. पट्टी नवी मागवली असती तर सोपं होतं, पण तिलाही त्या खिडकीत बसायचं होतंच. विंडोजची बटणाची सेटिंग मूळपदावर आणली.

परत हर्णैला जाऊन त्याच टेबलावर, त्याच वाऱ्यात, वायर लावून संध्याकाळभर नुसता चालू ठेवला. आकडा हलला नाही. त्यानंतर बंद पडल्याचा फोन नाही.

सर्व्हिस सेंटरच्या त्या शेऱ्याचा विषय मात्र डोक्यातून जात नाही. द्रव सांडला, असं लिहायला त्यांना मिनिट लागलं असेल. सांडलेलं पाणी ओघळतं, त्याचे डाग एका बाजूने पसरतात, कीबोर्डखाली खूण राहते. इथे तसं काहीच नव्हतं, पिनांमध्येच थर होता. इथला माणूस हवेत राहतो त्याच हवेत मशीन ठेवतो. ती हवा म्हणजे सांडलेलं द्रव कसं? वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत बंदराशेजारच्या ऑफिसांत, होमस्टेत हेच मशीन विकलं जातं, आणि विकताना हे कुणी सांगत नाही. हल्लीच्या कितीतरी मॉडेलांत तर पॉवरचं बटण कीबोर्डातच, आणि कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिव्हेट केलेला. तिथे ही पट्टी बाहेर काढून धुता येणार नाही. गिऱ्हाइकाला पूर्ण वरचा भाग बदलायला सांगावं लागेल.

मी बिलाबरोबर सोसायटीच्या नावाने एक पानभर लिहून दिलं: नोंदींच्या वेळा, हजेरीतल्या वेळा, मीटरचे आकडे, आणि बिघाड वापरणाऱ्यामुळे नाही हे स्पष्ट शब्दांत. मुलीने त्याची झेरॉक्स काढून घेतली. चेअरमननी खिडकीला काच लावून घेतली, टेबलही आतल्या भिंतीला सरकवलं. कापलेल्या पैशांचा विषय कमिटीत घेऊ म्हणाले होते. मग कमिटीची बैठक झाली, पण मुलगी सांगते की तो विषय निघालाच नाही. पुढच्या बैठकीच्या आधी मी ते पान घेऊन स्वतः जाणार आहे.