बर्फाखालची सात किलो तांबोशी

त्या दिवशी माझी सुरी अडली नसती, तर सात किलो भलताच मासा तांबोशी म्हणून एका साखरपुड्याच्या पंगतीत वाढला गेला असता.

नाशिक रोडला माझं मासळीचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. माल रात्री मुंबईहून निघतो, कसारा घाट चढतो आणि पहाटे चार-साडेचारला माझ्या दारात उतरतो. आमच्याकडचं गिऱ्हाईक पापलेट, सुरमई, बोंबील आणि कोळंबी यापलीकडे फारसं जात नाही. हेकरू (ग्रुपर) नाहीतर तांबोशी (लाल स्नॅपर) कुणी मागितली, की घर मूळचं कोकणातलं हे मी ओळखतो. देवळालीच्या त्या काकू वेंगुर्ल्याच्याच. मुलीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी बारा किलो हेकरू रश्शाला आणि वीस किलो तांबोशी तळायला सांगितली होती. तळायचा मासा अर्ध्या-पाऊण किलोचा हवा होता.

डिसेंबरचे दिवस, बोटं बधिर करणारी थंडी. सकाळी सात वाजता काका आणि काकू स्वतः माल बघायला आले. मी हेकरूची पेटी उघडली आणि काका दोन पावलं मागे सरले. प्रत्येक माशाच्या तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलेलं, डोळे वटारलेले. "अहो, हा तर सडलाय," काका म्हणाले.

हे मला नवीन नाही. हेकरू दुकानात मांडला की नाशकात हेच ऐकावं लागतं, आणि प्रत्येक वेळी मी नीट समजावून सांगतो, कारण या माशावर हा आळ यावा असं मला मनापासून वाटत नाही. एक मासा घेऊन कल्ला उचलला. आतून लालभडक. पाठीवर बोट दाबलं, खड्डा लगेच भरून आला. मग पोट चिरून आतली हवेची पिशवी दाखवली. घोळ माशाच्या ज्या पिशवीला 'बोत' म्हणून मोठी किंमत येते, तीच ही. हेकरू खोल पाण्यात, खडकाच्या कपारीत राहतो. पन्नास मीटर खाली पाण्याचा दाब वरच्यापेक्षा सहापट असतो. गळाला लागलेला मासा झरझर वर ओढला की पिशवीतली हवा त्याच हिशोबाने फुगते. या माशाच्या पिशवीपासून घशापर्यंत नळी नसते, त्यामुळे ती हवा पटकन बाहेर पडत नाही. ती जठराला ढकलते आणि जठर उलटं होऊन तोंडातून बाहेर येतं. म्हणजे काकांना दिसला तो फुगा सडल्याची नाही, खोलातून आल्याची खूण होती.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आजोळ मालवणचं. दहावीच्या सुट्टीत मामाने मला होडीवर नेलं होतं. तीस वाव पाणी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी. दोरीच्या टोकाला शिसं, वर दोन गळ, गळाला बांगड्याचे तुकडे. शिसं खडकावर टेकलं की हाताला टक् असं कळतं, तेवढ्यावर दोरी हातभर वर घेऊन थांबायचं. हेकरू पाठलाग करत नाही. कपारीत बसून राहतो, घास समोर आला की भला मोठा जबडा उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. पहिल्याच ओढीला चार-पाच हात दोरी खेचून त्याला खडकापासून सोडवावं लागतं. मी क्षणभर थांबलो आणि तो कपारीत शिरला. कल्ले फुलवून तो आत असा घट्ट बसला की मामाला शेवटी दोरी कापावी लागली. मामा रागावला नाही. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँकेचा बुडालेला उथळ भाग आहे, तिथल्या माशांच्या गोष्टी तो परतताना सांगत राहिला. त्याच दिवशी एक लाल मासा हातात देऊन म्हणाला होता, "रंगाक भुलू नको, तोंड बघ."

काकूंना हेकरू पटला. त्यांनी सगळ्यात मोठा, सहा किलोचा, निवडला आणि विचारलं, "यात गाबोळी असेल ना?" गाबोळी म्हणजे माशाची अंडी. मी म्हटलं, "नसेल काकू. हेकरू आधी मादी असतो, वाढला की नर होतो. एवढ्या थोराड माशात गाबोळी मिळणं कठीण." त्या हसल्या, म्हणाल्या, "माझी आईही मोठ्याला गाबोळी नसते म्हणायची. कारण आज कळलं."

मग तांबोशी. पहिल्या दोन पेट्यांत डोक्यासकट मासे होते, सगळे लाल. आमच्या धंद्यात लाल दिसेल ते तांबोशीच्या भावात खपवायची खोड आहे, पण त्यातही जाती असतात. मलबार स्नॅपर आणि क्रिमसन स्नॅपर शेजारी ठेवले तर भल्याभल्यांची फसगत होते. मी काडी वापरतो. वरच्या जबड्याची लांबी काडीवर मोजायची. मग पाठीचा पर आणि गुदाजवळचा पर जिथे संपतात, त्यांच्यामधल्या अंतरावर तीच काडी धरायची. मलबारची काडी तिथे पुरते किंवा उरते. क्रिमसनचं तोंड लहान, काडी चांगलीच अपुरी पडते. खाडीत वाढून मोठेपणी खडकाकडे जाणारी तिसरी तांबोशी असते, तिच्या पाठीवर दहा काटे, या दोघींच्या अकरा. दोन्ही पेट्यांत मलबार आणि क्रिमसन होते, खाण्यात दोन्ही उत्तम. काकूंना मी दोन्ही दाखवून दिले.

तिसरी पेटी डोकी उडवून आली होती. "तळायचा मासा आहे, डोक्याचं वजन कशाला," असं व्यापारी फोनवर म्हणाला होता आणि मलाही ते सोयीचं वाटलं होतं. वरचा थर बरोबर होता. बर्फ उपसून खालचा एक नग घेतला, खवले काढायला सुरी लावली आणि सुरी अडली. तांबोशीचे खवले मोठे, सुरीखाली तडतड उडतात. हे बारीक, खरखरीत, कातडीला चिकटून बसलेले. हात फिरवला तर सँडपेपर. लाल रंग मात्र तोच.

डोकं नाही म्हणजे तोंड बघायची सोय नाही. मी खालचा, गुदाजवळचा पर बोटांनी पसरला. तांबोशीला तिथे तीन काटे आणि मागे आठ-नऊ मऊ किरणं, म्हणजे पराला आधार देणारे लवचिक दांडे, असतात. मी मोजत गेलो: नऊ, दहा, अकरा. चौदापर्यंत गेलो. दुसरा नग घेतला, चौदा. तिसरा, पंधरा. हा मोठ्या डोळ्यांचा लाल मासा होता, खोल पाण्यातल्या ट्रॉलच्या जाळ्यात येणारा, तांबोशीच्या निम्म्या भावालाही कुणी न घेणारा. डोकं असतं तर नुसत्या डोळ्यांवरून शेंबडं पोरही ओळखेल. ते उडवलं का होतं, ते आता कळलं.

वजन केलं, सात किलो भरले. काका-काकू समोरच उभे होते. मी दोन्ही मासे शेजारी ठेवले, पर पसरून दोघांनाही मोजायला लावले. हा मासा खायला वाईट नाही, कुणी आजारी पडणार नव्हतं. पण त्यांनी तांबोशीचे पैसे दिले होते. व्यापाऱ्याला फोन केला. आधी तो म्हणाला, "नाशकात कोण ओळखणार?" हे वाक्य मला अजून टोचतं. नाशिकच्या माणसाने समुद्र पाहिला नाही म्हणून त्याच्या ताटात काहीही टाकावं, असा त्याचा हिशोब होता. मी त्याला परांचे फोटो पाठवले, बिलातून सात किलो कापून घेतले आणि त्याच्याकडचा माल त्या दिवसापासून बंद केला. डोकी उडवलेला मासा आता मी कुणाकडूनच घेत नाही.

सात किलोंची भर कशाने घालायची हा प्रश्न राहिला. साडेआठ वाजले होते, पाहुणे संध्याकाळी यायचे होते. ओळखीच्या दोन दुकानांत फोन केले, तांबोशी कुठेच नव्हती. सातपूरच्या एकाकडे चार किलो सुरमई मिळाली, ती मी माझ्या पदराने दिली. उरलेल्या तीन किलोंना माझ्याकडचा एक हेकरू कापला.

डोकं बाजूला ठेवून मी धड सोलायला घेतलं, तर काकूंनी ते उचलून आपल्या पिशवीत घातलं. "हे पंगतीला नाही," त्या म्हणाल्या. "हे माझ्या आईला. तिरफळं घालून करते उद्या."