नऊ वर्षांचा फरक

बाहेरच्या परीक्षकांचं पत्र पुरस्काराच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री ईमेलने आलं. दीड पानी, मुद्देसूद आणि चांगलंच फटकळ. म्हणणं एवढंच होतं, की अंतिम फेरीतल्या दोघांपैकी इतिहासाच्या उमेदवार बाईंचा सगळा प्रबंध ज्या कागदावर उभा आहे, त्याचा काळच त्यांनी चुकीचा धरलाय. कागद मोडीत आहे, त्यावर ‘सन १२१३’ आहे. बाई त्याचं १८०३-०४ करतात, परीक्षकांच्या मते ते १८१२-१३ होतं.

हा पुरस्कार पुण्यातल्या एका न्यासातर्फे पस्तिशीच्या आतल्या संशोधकाला दिला जातो. इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान, यांपैकी कुठल्याही विषयातलं काम चालतं. रक्कम फार नाही. पण तासिका तत्त्वावर शिकवणारी, उन्हाळ्याच्या सुट्टीत एक पैसा न मिळणारी मुलं त्यासाठी अर्ज करतात, कारण कायम जागेच्या मुलाखतीत दाखवायला तेवढा एक कागद होतो. समितीत आम्ही चौघं. अध्यक्ष राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, साहित्याच्या एक बाई, समाजशास्त्राचे एक सर आणि इतिहासासाठी मी. म्हणजे त्या पत्राचं काय करायचं, हे माझ्याच गळ्यात पडणार होतं.

ज्यांचा जुन्या कागदांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी हा घोळ थोडा उलगडते. पेशवाईतल्या कागदांवर इसवी सन नसतो. शुहूर सन असतो, फसली असतो, कधी शक असतो, कधी नुसतं संवत्सराचं नाव. शुहूर आणि फसली दोन्ही आपल्याकडे मृग नक्षत्राला सुरू होतात, दोन्ही सौर, त्यामुळे दिसायला जुळी भावंडं. पण शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, आणि फसलीत ५९० किंवा ५९१. दोहोंत नऊ वर्षांचं अंतर. शुहूर बहुतेक वेळा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. १२०४ असेल तर ‘अर्बा मयातैन व अलफ’, म्हणजे चार, दोनशे आणि हजार. असं लिहिलं असलं की गोंधळ नाही. पण एखाद्या गावकुलकर्ण्याने घाईत नुसता आकडा टाकला आणि सन कुठला ते सांगितलंच नाही, की दोनशे वर्षांनी कुणाच्या तरी झोपेचं खोबरं होतं.

परीक्षकांचा आक्षेप हवेतला नव्हता. ज्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, हा कागद आहे त्यातले बाकीचे कागद शुहूर सनाचे होते, मग हा एकटाच फसली कसा, असं त्यांचं म्हणणं. शिवाय १८१२-१३ सालीही गुजरात-काठेवाडात मोठा दुष्काळ होता, त्यामुळे कागदातली धान्याची ओरड त्या सालालाही शोभून दिसते. आणि प्रबंधाचा डोलारा तर सगळा १८०३-०४ वरच होता. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरची लढाई, वर्षअखेरीला वसईचा तह, १२ ऑगस्ट १८०३ ला नगरचा किल्ला इंग्रज सेनापती वेलस्लीने घेतला, सप्टेंबरात असईची लढाई. त्यात पावसाने दगा दिला. बाईंचं म्हणणं, की नगर भागातल्या एका गावच्या पाटलाने या धुमाळीत एकाच वेळी दोन सत्तांकडे वसुलाची सूट मागितली, आणि दोघांना एकमेकांची भीती दाखवून ती मिळवली. दुष्काळात गाव नुसतं मरत नव्हतं, राजकारणही करत होतं. कागद १८१२ चा निघाला तर यातलं काही उरत नाही. तेव्हा तिथे दुसरी सत्ताच नव्हती.

मुलाखतीला बाई सकाळीच आल्या. नगर जिल्ह्यातल्याच, साधा कॉटनचा ड्रेस, हातात प्लॅस्टिकची फाइल. पहिला उमेदवार आधी होऊन गेला होता. विसाव्या शतकातल्या मराठी नियतकालिकांतल्या जाहिरातींवर त्याचं काम, हजारो जाहिराती संगणकावर चढवून केलेलं. त्याचं सादरीकरण देखणं होतं, बोलणं आत्मविश्वासाचं होतं, आणि खरं सांगायचं तर कामही चांगलं होतं. अध्यक्षांना तो फार आवडला हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अध्यक्षांनी आडपडदा न ठेवता बाईंना पत्रातला मुद्दा वाचून दाखवला. नाव अर्थातच सांगितलं नाही. मला वाटलं होतं, आता एक तर रडू येईल किंवा वाद होईल. बाईंनी फाइलमधून कागदाची मोठी छापील प्रत काढली आणि टेबलावर आमच्याकडे तोंड करून ठेवली.

“सर, हा प्रश्न मला कुणीतरी विचारेल असं वाटलं होतं. प्रबंधात मी तो तळटीपेत उरकलाय, तो वर घ्यायला हवा होता. वाचून दाखवू का?”

“वाचा ना.”

आणि त्यांनी उलट्या बाजूने, म्हणजे आमच्याकडे सुलट असलेला तो कागद त्यांना उलटा दिसत असताना, घडाघडा वाचला. मोडीचे वर्ग घेणाऱ्यांनाही हे सोपं जात नाही. समाजशास्त्राच्या सरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“आता सन बाजूला ठेवू,” त्या म्हणाल्या. “कागदावर शेवटी ‘छ १२ सवाल’ आहे. म्हणजे शव्वाल महिन्याची बारा तारीख. हा हिजरी महिना, तो ऋतूला बांधलेला नाही. दर वर्षी अकरा-एक दिवस मागे सरकतो. नऊ वर्षांत तीन महिन्यांहून जास्त सरकेल. सन फसली धरला तर ही तारीख जानेवारी १८०४ च्या शेवटच्या आठवड्यात पडते. संक्रांत होऊन गेलेली. शुहूर धरला तर ऑक्टोबर १८१२, कोजागिरीच्या आगेमागे.”

“बरं, मग?”

“मग ही दुसरी ओळ. ‘विहिरीवरील शाळू हुरडियास आला तो घोडियांनी खादला.’ सर, कोजागिरीला शाळू हुरड्यात येईल का?”

समाजशास्त्राचे सर एकदम हसले. त्यांचं गाव पारनेरकडचं. “कोजागिरीला आमच्याकडे तिफण शेतात असते हो,” ते अध्यक्षांना म्हणाले. “हस्तात, चित्रेत पेरतात. हुरडा पौषात.”

मी मध्ये पडले. मला ते इतकं सोपं सोडायचं नव्हतं. खरिपाची ज्वारी ऑक्टोबरात दाण्यात असतेच, ती नसेल कशावरून? बाईंनी कागदावर बोट ठेवलं. “मॅडम, नुसतं ज्वारी म्हटलं असतं तर मी अडकले असते. त्याने शाळू लिहिलंय. शाळू रब्बीचाच.” आणि मग जरा थांबून, “वडील अजून शाळूच करतात. मोडी शिकायला मला फार वेळ लागला, पण ही ओळ वाचल्यावर मला जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचं कोष्टक, बघायच्या आधीच महिना कळला होता.”

रुमालाच्या मुद्द्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. पेशवे दप्तरात तीस हजारांहून जास्त रुमाल आहेत, आणि ते सगळे काही पेशव्यांच्या कारकुनांनी बांधलेल्या क्रमाने आपल्यापर्यंत आलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या इनाम कमिशनने ते चाळले, लावले. शेजारच्या कागदाचा सन हा या कागदाचा पुरावा होत नाही. वार लिहिलेला असता तर सगळंच सोपं झालं असतं, पण तो कोपरा कसरीने खाल्ला होता.

जेवणाच्या सुट्टीत मी न्यासाच्या ग्रंथालयात जाऊन मोडकांची जंत्री काढली. पाठीचा कणा सुटलेला, पानं पिवळी. बाईंची दोन्ही गणितं बरोबर होती.

अध्यक्षांनी तेवढ्यात परीक्षकांना फोन लावला. ते परगावी असतात, वयस्कर आहेत, आणि मोडीतला त्यांचा अधिकार मोठा. फोन स्पीकरवर होता. अध्यक्षांनी महिन्याचं सांगितलं, तिकडून नुसतं “हं” आलं. पिकाचं सांगितलं.

“काय शब्द आहे? ज्वारी?”

“शाळू.”

थोडा वेळ काही आवाज नाही. मग, “शाळू असेल तर फसलीच. माझं पत्र मागे घ्या. मला पाठवलेल्या प्रतीत ती ओळ वळणावर फाटकी होती.” आणि लगेच, “ती मुलगी आहे का तिथे अजून? द्या तिला फोन.”

बाई व्हरांड्यात डबा खात होत्या. हात धुऊन आल्या, फोन घेऊन बाहेर गेल्या आणि बराच वेळ आत आल्याच नाहीत. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. येताना एका रुमालाचा क्रमांक तळहातावर पेनाने लिहून आणला होता.

इथवर सगळं छान. पण दुपारी निवडीला बसलो आणि वाटलं होतं तसं ते सोपं झालं नाही. अध्यक्ष म्हणाले, आक्षेप खोडला गेला, मान्य. पण म्हणून पुरस्कार का? तारीख लावणं ही कारागिरी झाली. पुरस्कार विचाराला द्यायचा असतो. जाहिरातीवाल्या मुलाने नवी पद्धत आणलीय, ती उद्या इतर दहा जण वापरतील.

त्यांचा मुद्दा मी उगाच हलका करून सांगत नाही. तरुण संशोधकाला दिलेला पुरस्कार पुढच्या कामावर लावलेला पैसा असतो, हे खरंच आहे. पण साहित्याच्या बाई तापल्या. म्हणाल्या, “सर, भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. पोथ्या जुळवत बसणं ही पण कारागिरीच का?” अध्यक्ष म्हणाले, “त्यात संपादक सुकथनकरांचा विचार होता.” बाई म्हणाल्या, “तो पोथ्यांतूनच आला ना?”

मग गाडी वयाच्या अटीवर घसरली, जी दर वेळी घसरतेच. उमेदवार बाई पस्तिशीला टेकलेल्या. मुलगा सव्वीसचा. त्याच्याकडे अजून दोन-तीन संधी आहेत, हिच्याकडे ही शेवटची, असं समाजशास्त्राचे सर म्हणाले. मला तो युक्तिवाद पटला नाही. शेवटची संधी आहे म्हणून द्यायचा पुरस्कार नको. पण वयाचा विचार मला दुसऱ्या अंगाने करावासा वाटतो. गणितात चाळिशीच्या आत डोंगर चढून झालेला असतो. आमच्याकडे मोडी, फारसी, संस्कृत, प्राकृत शिकण्यातच पाच-सात वर्षं जातात आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी, फारसीच्या तरुण विद्वानांना राष्ट्रपतींतर्फे मिळणारा बादरायण व्यास सन्मान तीस ते पंचेचाळीस वयासाठी आहे, ते मला शहाणपणाचं वाटतं. इन्फोसिस पुरस्काराने २०२४ पासून चाळीसच्या आतली अट आणली, आणि मानव्यविद्यांत तो त्या वर्षी हिंदी महासागरातल्या इस्लामी कायद्याच्या इतिहासावर काम करणाऱ्या महमूद कूरिया यांना, तर २०२५ मध्ये प्राकृतचे अभ्यासक अँड्र्यू ऑलेट यांना मिळाला. दोन्ही कामं आधी भाषा पचवल्याशिवाय उभी राहत नाहीत. आमची पस्तिशीची अट कुणी आणि का ठरवली, हे न्यासाच्या जुन्या इतिवृत्तातही सापडलं नाही.

मी माझं मत मांडलं ते असं. मुलाच्या कामात मला निष्कर्ष दिसतो, पण तो निष्कर्ष चुकीचा असेल तर तो कुठे तपासायचा हे दिसत नाही. त्याला विचारलं होतं, दोन नियतकालिकांतली एकच जाहिरात दोनदा मोजली गेली असेल तर? तो म्हणाला, एवढ्या मोठ्या संख्येत ते भरून निघतं. बाईंना विचारलं, तर त्यांनी कागद आमच्यापुढे ठेवला. आपल्याला कसं कळलं, हे जी दाखवू शकते तिच्या पुढच्या कामावर मी पैसा लावीन.

तीन विरुद्ध एक. अध्यक्षांनी खळखळ केली नाही, मानपत्राचा मसुदा मात्र माझ्याकडून मागितला आणि त्यातला तारखेचा परिच्छेद लाल शाईने अर्धा करून परत पाठवला. समारंभात ऐकणाऱ्यांना कंटाळा येईल, असं कारण. शाळूची ओळ मी भांडून ठेवली. समारंभात बाईंचे वडील दुसऱ्या रांगेत होते. ती ओळ वाचली तेव्हा ते शेजारच्या अनोळखी गृहस्थांना काहीतरी समजावून सांगायला लागले आणि टाळ्यांच्या वेळीही सांगतच होते.

जाहिरातीवाल्या मुलाला मी नंतर फोन केला. तो नाराज होता, तरी दुहेरी मोजणीचा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला होता. एका दशकाच्या जाहिराती हाताने तपासायला घेतल्यात म्हणाला.

न्यासाने आता नियमात दोन बदल सुचवायला सांगितलंय. वयाची अट चाळीसवर न्यायला कुणाचा विरोध नाही. दुसरा माझा, अर्जासोबत मूळ साधनाचं एक पान आणि ते कसं वाचलं याचा खुलासा जोडायचा. त्यावर तत्त्वज्ञान विभागातून विचारणा आली आहे, आम्ही काय जोडायचं? प्रश्न रास्त आहे. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे, तोवर काहीतरी सुचायला हवं.