रुग्ण गेल्यानंतरचा सोमवार

मानसोपचार विभागात निवासी डॉक्टर म्हणून शिकत असताना, रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी, माझ्याकडे उपचार घेत असलेल्या एका तरुणाने आत्महत्या केली. रविवारी रात्री त्याच्या भावाचा फोन आला आणि सोमवारी सकाळी ९ वाजता मी नेहमीप्रमाणे ओपीडीत बसले. ‘झोप लागते का, जगणे नकोसे वाटते का,’ हे प्रत्येक रुग्णाला विचारताना माझा आवाज जराही हलला नाही, आणि आज मला सर्वांत जास्त भीती त्याच स्थिर आवाजाची वाटते. विभागात विचारणा झाली ती केस पेपरवर जोखमीची नोंद आहे का, एवढीच. मी जेवले का, हे मात्र वॉर्डातल्या सिस्टरांनी विचारले.

कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अशा अवस्थेला बर्नआउट म्हणतात. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीना मासलॅक यांनी तिची तीन अंगे मांडली आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. आमच्या शाखेत यांतला कोरडेपणा मला सर्वांत घातक वाटतो, कारण मानसोपचारात तपासणीचे मुख्य साधन म्हणजे डॉक्टरचे लक्ष, आणि ते बोथट झाल्याचे कोणत्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, बर्नआउट हा आजार नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था मानली आहे. म्हणजे केवळ डॉक्टरचे मन नव्हे, कामाची रचनाही तपासायला हवी. आपल्याकडे एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९९२ मध्येच सांगितली गेली, तरी सलग ३६ तासांच्या ड्युट्या मी स्वतः केल्या आहेत.

मदत मागणेही आम्हाला सोपे नसते. शहरातला प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञ एकतर आपला शिक्षक असतो, नाहीतर उद्याचा परीक्षक. मी कित्येक महिने स्वतःच स्वतःला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, जे मी कोणत्याही रुग्णाला करू दिले नसते. शेवटी दुसऱ्या शहरात जाऊन उपचार घेतले.

आता आमच्या युनिटमध्ये असा मृत्यू झाला की त्याच आठवड्यात आम्ही एकत्र बसतो आणि त्या बैठकीत केस पेपर उघडत नाही. पहिल्या वेळी एक ज्युनिअर पाऊण तास काहीच बोलला नाही. त्या दिवशी त्याची ओपीडी मी सांभाळली.